इंग्रजीचं साहित्य अमरावतीले भेटते

अचलपूर सोडलं त्या सकाळी मी जेवले नव्हते.

जून महिना होता. अकरावीचं कॉलेज सुरू व्हायला दोन दिवस होते आणि सव्वासातची अमरावतीची एसटी पकडायची होती. आईनं पहाटे उठून भाकर आणि वांग्याची भाजी केली होती, ताट वाढून ठेवलं होतं. मी म्हटलं, भूक नाही. भूक होती. पण घास घशात अडकला असता तर रडू फुटलं असतं, आणि मला रडताना पाहून आईनं जाऊच दिलं नसतं. म्हणून मी घाईघाईनं चपला घातल्या. बाबा माझी पत्र्याची पेटी उचलून दारात उभे होते. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"दोन घास खाऊन घे नं वं," एवढंच म्हणाले.

"तिथं खाईन," म्हणत मी त्यांच्या बाजूनं बाहेर पडले.

यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. घर सोडताना कुणाला भूक असते? पण माझे बाबा आचारी होते. लग्नाचा, तेरवीचा, भंडाऱ्याचा स्वयंपाक करायचे. अचलपूर-परतवाड्यात आणि आजूबाजूच्या गावांत त्यांच्या हातचं वरण न खाल्लेला माणूस शोधावा लागला असता. पाचशे माणसांच्या पंगती उठेपर्यंत ते स्वतः चहावर असायचे. शेवटच्या पंगतीत शेवटच्या माणसापुढे जाऊन "पोट भरलं का, भाऊ?" असं विचारायचे आणि मगच स्वतःचं पान घ्यायचे. अशा माणसाच्या घरातून त्याची एकुलती एक पोर रिकाम्या पोटानं गेली. त्यांना ते किती लागलं असेल, हे मला त्या दिवशी सुचलंही नाही. एसटीत बसल्यावर मी खिडकीतून हात हलवला आणि गाडी वळल्यावर पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटले बाई एकदाची.

हे मी लिहिते आहे ते तुमच्यासाठी. तुमच्यासाठी म्हणजे अचलपुरातच राहिलेल्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणींसाठी, ज्या अजून फोनवर "तुयं बरं हाये बाई" म्हणतात. आणि माझ्यासारख्या उठून दूर गेलेल्यांसाठीही. तुम्ही निघालात त्या सकाळचं ताट तुम्हाला आठवतं का, ते एकदा आठवून पाहा.

मला अमरावतीला जायला मिळालं ते एका शब्दामुळे.

दहावीत मी इंग्रजीत वर्गात पहिली होते. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे पहिली म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. पण मला त्या भाषेची ओढ लागली होती. शाळेच्या कपाटात गोष्टींची तीन इंग्रजी पुस्तकं होती आणि ती मी शब्दकोश मांडीवर घेऊन, ओळीला पाच शब्द शोधत वाचली होती. अकरावीच्या फॉर्मवर विषयांची यादी होती. सगळ्यांना असते ती इंग्रजी तर होतीच, पण त्याशिवाय एक वेगळा, स्वतंत्र विषय होता: इंग्रजी साहित्य. तो आमच्याकडच्या कॉलेजांत नव्हता. अमरावतीच्या एका कॉलेजात होता.

फॉर्म मी बाबांना वाचून दाखवला. ते ओट्यावर बसून झाऱ्याचा दांडा घासत होते.

आमच्या घरात साहित्य या शब्दाला एकच अर्थ होता. लग्नघरचा माणूस काम सांगायला आला की बाबा आधी त्याला साहित्याची यादी द्यायचे. तूरडाळ इतकी, गहू इतके, वांगी, तेल, धने, खोबरं, रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे भाजायला गोवऱ्या. यादीतलं एक जरी कमी आलं तर ते चूल पेटवायचे नाहीत. "साहित्य पुरं असलं का सैपाक चुकत नाई," हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

"इंग्रजीचं साहित्य?" बाबांनी झारा बाजूला ठेवला. "म्हंजे इंग्रजीले जे जे लागते थे सारं?"

मी फॉर्मची घडी घातली. मग म्हटलं, "हो."

"अन् थे इथं भेटत नाई?"

"नाही. अमरावतीलाच."

यावर त्यांचा लगेच विश्वास बसला. त्यांच्या मोठ्या कढया, त्यांचे गंज म्हणजे उंच पातेली, जिलबीचा साचा, सगळं अमरावतीहूनच आलेलं होतं. "बराबर हाये," ते आईकडे वळून म्हणाले. "चांगलं साहित्य अमरावतीलेच भेटते."

आईला ते तितकंसं पटलं नव्हतं. नातेवाइकांचं म्हणणं होतं की पोरीनं परतवाड्यातच शिकावं आणि पुढे डी.एड. करून मास्तरीण व्हावं. साहित्य म्हणजे गोष्टी आणि कविता, हे मी तेव्हा सांगितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. गोष्टी वाचायला पोट्टी इतक्या दूर कशाला धाडायची, असं आईनं विचारलं असतं. म्हणून मी गप्प बसले. खोटं बोलले नाही, पण खरं अडवून धरलं. आणि बाबा ज्या त्या पंगतीत सांगत सुटले की आमची वर्षा इंग्रजीच्या साहित्यासाठी अमरावतीले गेली. ऐकणाऱ्या मास्तर लोकांना वाटायचं, आचारी मोठा जाणकार दिसतो.

अमरावतीत मी मुलींच्या वसतिगृहात राहिले. आमच्या त्या विषयाच्या वर्गात चौदा जण होते आणि त्यांतले दहा इंग्रजी शाळांतून आलेले. पहिल्याच आठवड्यात मला मोठ्यानं वाचायला सांगितलं आणि मी आयलंडला इसलँड म्हटलं. वर्ग हसला. आम्हाला शिकवायच्या त्या गावंडे मॅडम मूळच्या अकोल्याच्या होत्या, सुती साडी, मोठा चष्मा, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लिहिलं तसं वाचलंस. तू प्रामाणिक आहेस, इंग्रजी भाषा नाही."

मॅडमचं असंच असायचं. एकदा चालू वर्तमानकाळ समजावताना त्यांनी खडू ठेवला आणि म्हणाल्या, पुण्याच्या पोरांना हा काळ शिकवावा लागतो, तुम्हाला कशाला? मी खाऊन राहिली, आय ॲम ईटिंग. मी जाऊन राहिली, आय ॲम गोइंग. झालं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो सांगता येत नाही. ज्या वऱ्हाडी बोलीमुळे मी वर्गात तोंड उघडायला लाजत होते, ती बोली माझ्या कामी आली होती.

पण लाज एका तासानं जात नाही. हसणाऱ्यांमध्ये आपणच आधी हसलं तर आपल्यावर हसू येत नाही, ही युक्ती मला दोन महिन्यांत सापडली होती. कुणाचा उच्चार चुकला, कुणाचा गावाकडचा पाहुणा फाटकाशी येऊन उभा राहिला, की मी सगळ्यांच्या आधी हसायची. हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो. तेव्हा वाटायचं, आपण आता शहरातल्या झालो.

जानेवारीत लग्नसराईच्या दिवसांत एका दुपारी मॅडमनी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं आणि झेरॉक्स वाटल्या. जुन्या कुठल्यातरी मासिकातली गोष्ट होती. लेखकाचं नाव झेरॉक्स काढताना कापलं गेलं होतं. कागद तासानंतर परत द्यायचे होते, कारण तेच पुढच्या वर्षीच्या मुलांना लागणार होते. गोष्ट समुद्राकाठच्या एका गावातल्या तरुण मुलीची. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली आहे. पहाटेची गाडी आहे. आई आत झोपेचं सोंग घेऊन पडली आहे आणि ते सोंग आहे हे मुलीला कळतं आहे. मुलगी दाराशी उभी आहे, हात कडीवर आहे. मॅडम वाचत वाचत त्या कडीपर्यंत आल्या आणि थांबल्या, कारण आमच्या वर्गाच्या दारात बाबा उभे होते.

खांद्यावर पंचा, सदऱ्यावर हळदीचे डाग, हातात कडीचा स्टीलचा डबा. अमरावतीतल्याच एका मंगल कार्यालयात त्यांचं काम होतं. सकाळची पंगत उठवून, संध्याकाळच्या कामाला लागायच्या आधी ते विचारत विचारत आले होते. अंगाला लाकडाच्या धुराचा वास होता आणि डब्यातून वांग्याच्या भाजीचा. तो वास आत शिरला तशी सगळ्यांची तोंडं दाराकडे वळली.

"या ना, काका," मॅडम म्हणाल्या. "कुणाकडे आलात?"

बाबांनी मला शोधलं आणि डब्याच्या हातानंच माझ्याकडे दाखवलं. मग मॅडमना नमस्कार केला आणि लग्नघरच्या कारभाऱ्याशी बोलतात तितक्या आदबीनं विचारलं, "मॅडम, आमच्या पोरीले इंग्रजीचं साहित्य सारं भेटलं का? का काई बाकी हाये अजून?"

आधी मागच्या बाकावरून एक फिसकन आवाज आला, मग सगळा वर्ग हसला. आणि मी हसले. मान खाली घालून नव्हे, इतरांकडे पाहत, हा माणूस कोण कुठला असा चेहरा करून हसले.

मॅडमनी नुसतं वर्गाकडे पाहिलं तसा आवाज थांबला. त्या बाबांना म्हणाल्या, "यादी मोठी आहे, काका. अजून एक वर्ष तरी लागेल."

बाबांनी समजल्यासारखी मान हलवली. मोठी यादी त्यांना परकी नव्हती. जाता जाता मॅडमच्या हातातल्या कागदाकडे बोट करून म्हणाले, "आता काय चालू हाये?"

"एक मुलगी आहे," मॅडम म्हणाल्या. "घर सोडून निघालीय. पहाटेची वेळ आहे. दाराशी उभी आहे, अजून बाहेर पाऊल टाकलं नाही."

"अस्सं," बाबा म्हणाले. पुढचं ऐकायला ते तिथंच थांबतील अशी मला भीती वाटली. पण त्यांना संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत जायचं होतं. त्यांनी डबा माझ्या बाकावर ठेवला, "गरम हाये, खाऊन घे," म्हणाले आणि गेले.

पुढची गोष्ट मॅडमनी वाचली असणार. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. डबा बाकाखाली पायानं ढकलून मी तास संपायची वाट पाहत होते. तास संपला, कागद परत गेले. तो डबा मी वसतिगृहात मुलींना दिला. त्यांनी बोटं चाटत खाल्लं, रोडगा असा कधी खाल्ला नव्हता म्हणाल्या. मी त्यातला घासही घेतला नाही. रिकामा डबा घासून पेटीत ठेवला आणि पुढच्या सुट्टीत घरी नेला. आईनं तो फळीवर ठेवला. बाबांनी काही विचारलं नाही.

पुढचं आयुष्य पटापट सांगण्यासारखं आहे. बारावी झाली, बी.ए., एम.ए. झालं. अकोल्यात एका कॉलेजात मी चार वर्षं अकरावी-बारावीला हाच विषय शिकवला. अकोल्याच्या मार्च महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पंख्याखाली परदेशातल्या बर्फाची कविता समजावून सांगणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. त्याच शहरात लग्न झालं. नवरा नर्स, आणि त्याला इंग्लंडमधल्या इस्पितळात नोकरी लागली. अकरा वर्षं झाली, आम्ही शेफिल्डला राहतो. निघाले तेव्हा बाबा स्टेशनवर आले होते. ज्याला त्याला सांगत होते, "माही पोरगी इंग्रजाच्या गावात इंग्रजी शिकवाले चालली."

आणि झालंही तसंच. इथं लायब्ररीच्या वरच्या खोलीत मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. नव्यानं देश सोडून आलेली माणसं असतात, कुणी सुदानचं, कुणी अफगाणिस्तानचं, कुणी इराणचं. माझ्या तोंडी आता ट्राम, हीटिंग, कचरा नेण्याचा बिन डे, शाळेच्या सुट्टीचा हाफ टर्म असे शब्द असतात. मुलगा घरी मराठी बोलतो ती पुस्तकातली, वऱ्हाडीची त्याला गंमत वाटते. आईचा व्हिडिओ कॉल आला की तो तिला मुद्दाम "काय करून राहिली, आजी?" विचारतो आणि दोघं खिदळतात.

मागच्या हिवाळ्यात माझ्या वर्गात सुदानचे एक आजोबा होते. सत्तरीचे असतील. गावाकडे त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. कधी उशीर नाही, कोट काढून नीट खुर्चीला लावणार, मग वही उघडणार. एके दिवशी तास संपताना त्यांनी हात वर केला आणि गंभीरपणे विचारलं, "टीचर, इंग्लिश फिनिश? ऑर सम मोअर?" उरलं आहे का अजून काही, असं. वर्गातली तरुण मुलं हसली.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "इट्स अ लाँग लिस्ट, सर. वन मोअर इयर."

आजोबांनी मान हलवली. अगदी तशीच मान. मी फळा पुसायला पाठ वळवली आणि तशीच उभी राहिले. गावंडे मॅडम दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, त्यांना हे सांगता येणार नव्हतं. पण बाबा होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, हात थरथरतात म्हणून काम सोडलेले, पण होते. मी ठरवलं की येत्या डिसेंबरात घरी जायचं आणि त्यांना दोन गोष्टी सांगायच्या. साहित्य म्हणजे काय, ती एक. आणि त्या दिवशी मी हसले होते, ती दुसरी. तोवर त्यांना काही होऊ नये एवढंच मी मनात म्हणत राहिले. नुसतं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर सांगणं म्हणजे पुन्हा एकदा त्यांच्या बाजूनं बाहेर पडण्यासारखं झालं असतं.

घरी पोचल्यावर तीन दिवस मी विषय टाळत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात उन्हाला बाजेवर बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होते. त्या दाण्यांची, सोल्यांची, भाजी करायची होती. हाताला कंप होता तरी दाणे बरोबर ताटात पडत होते. मी समोर बसून सोलायला लागले.

"बाबा," मी म्हटलं, "ते इंग्रजीचं साहित्य होतं नं माहं, ते सामान नव्हतं. साहित्य म्हंजे..."

"गोष्टी-कविता. मालूम हाये."

"कधीपासून?"

"थ्याच दिसी. तुह्या वर्गात आलो त सामान काईच दिसलं नाई मले. चौदा पोट्टे अन् कागद. अन् मॅडम गोष्ट सांगून राहिली होती. म्या मनात म्हटलं, हे त गोष्टीचं काम दिसते."

"मंग मले वापस काहून नाई आणलं?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. "आणतो कसा? मॅडम म्हणे यादी मोठी हाये, वर्ष लागते. अर्ध्या सैपाकातून कोणी उठते काय?"

आतून आईच्या भांड्यांचा आवाज येत होता. उरलेलं सांगायचं होतं ते मी त्या आवाजाआड सांगून टाकलं. "मी हासली होती बाबा. साऱ्यायच्या संगं. तुमच्यावर."

त्यांनी दोन शेंगा सोलल्या. "सारेच हासले. मलेबी मंग रस्त्यानं हासू आलं." मग म्हणाले, "डब्बा खाल्ला होता का पण?"

खोटं बोलणं सोपं होतं. माझ्या तोंडातून "नाही" निघालं.

"मले वाटलंच," बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता. एवढी वर्षं मनात असलेल्या एका गोष्टीचा निकाल लागला, इतकंच. ताटातले दाणे त्यांनी बोटांनी सारखे केले. मला वाटलं, संपलं बोलणं. माझे डोळे भरून आले होते आणि मी खाली पाहून शेंगा सोलत होते.

"बरं, थ्या गोष्टीतली पोट्टी," ते म्हणाले.

"कोणती?"

"मॅडम सांगून राहिली होती नं. घर सोडून चालली होती थे. दाराशी उभी होती. म्या निंगून आलो अन् पुढचं राह्यलंच." त्यांनी हातातली शेंग तशीच धरून ठेवली. "थे जेवून गेली का उपाशी?"

बावीस वर्षं. बावीस वर्षं त्यांच्यासाठी ती मुलगी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती. मी परीक्षेपुरत्या शेकडो गोष्टी वाचल्या आणि विसरले. वर्गात बसून एकही गोष्ट पुरी न ऐकलेल्या माझ्या बापानं एक अर्धी गोष्ट सांभाळली होती, आणि तिच्यातलं जे विचारायला हवं तेच विचारत होता. मला शेवट माहीत नव्हता. त्या दिवशी मी ऐकलाच नव्हता, आणि मॅडमही आता नव्हत्या. मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी बजावते की जे कागदावर नाही ते उत्तरात लिहू नका. तसं लिहिलं तर गुण कापते.

"जेवून गेली, बाबा," मी म्हटलं.

"काय खाल्लं?"

"भाकर. अन् वांग्याची भाजी."

"अन् माय? मायनं वाढलं का उठून?"

त्या मुलीची आई झोपेचं सोंग घेऊन पडली होती, हे मॅडमनी त्यांना सांगितलं नव्हतं. मला ती आठवली. "उठली," मी म्हटलं. "झोपेचं सोंग करत होती, पण उठली. समोर बसून वाढलं तिनं."

"मंग ठीक हाये," बाबा म्हणाले आणि हातातली शेंग सोलली.

इथं शेफिल्डला मला कुणी विचारतं, होम म्हणजे तुमच्यासाठी कुठलं, हे की ते? पूर्वी मी काहीतरी गुळगुळीत उत्तर द्यायची, दोन्ही म्हणून. आता मला माहीत आहे. तुम्ही नीट पोचलात का, हे तर सगळेच विचारतात. तुम्ही निघताना जेवला होतात का, हे इतक्या वर्षांनी ज्यांना विचारावंसं वाटतं, ते माझं घर. माझ्यासारख्या गेलेल्यांनो, तुमच्याही मागे असं कुणीतरी एक ताट मनात धरून बसलेलं असेल. त्याला त्या ताटाचं एकदा विचारा.

परत निघायचं त्या दिवशी गाडी सकाळी सातला येणार होती. आईनं साडेपाचला चूल पेटवली. या वेळी तिनं बोलवायच्या आधीच मी जाऊन खाली बसले. भाकर आली, वांग्याची भाजी आली, वर तूप आलं. घास अडकला तेव्हा मी रडले, आणि रडत रडत जेवले. काही बिघडलं नाही. बाबा बाजेवरून उठून आले, भिंतीला धरून समोर बसले आणि ताट पुरं रिकामं होईपर्यंत उठले नाहीत. मग शेवटच्या पंगतीतल्या शेवटच्या माणसाला विचारतात तसं त्यांनी मला विचारलं, "पोट भरलं का, बाई?"

"भरलं, बाबा," मी म्हटलं.

मग त्यांनी आईला हाक मारून आपलं पान वाढायला सांगितलं.